डोंगरातलं पावसाळी घर: लेण्यांच्या डागडुजीचा इतिहास



व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की आज म्हैसमाळला फार्महाऊस कसं बांधायचं ते सांगणार. (हशा) तसं ते अगदीच चूक नाही. डोंगरात घर करायचं, ते पावसाळ्यात टिकवायचं, हळूहळू त्यात सुधारणा करायच्या, आणि मुख्य म्हणजे या सगळ्याला पैसा कुठून आणायचा, हाच आजचा विषय आहे. फक्त ही घरं दीड-दोन हजार वर्षं जुनी आहेत आणि आपण त्यांना ‘लेणी’ म्हणतो.

तुमच्यापैकी ज्यांचं बालपण खेड्यात गेलं, त्यांना माळवद आठवत असेल. मृग लागायच्या आधी घरातला कर्ता माणूस माळवदावर चढायचा. गवत उपटायचं, घुशींनी केलेली बिळं बुजवायची, पांढरी माती आणून पसरायची, चोपायची, पन्हाळी साफ करायच्या. माझे आजोबा हे दरवर्षी करत. ज्या वर्षी ते आजारी पडले, त्या वर्षी माजघरात सहा ठिकाणी भांडी मांडावी लागली. घर तेच होतं, भिंती त्याच होत्या. एका उन्हाळ्यात हात फिरला नाही, एवढंच.

लेण्यांकडे मी गेली काही वर्षं या नजरेनं बघायला लागलो. आपण अजिंठ्याला जातो आणि चित्रं बघतो. वेरूळला जातो, कैलास बघून थक्क होतो. ते बरोबरच आहे. पण अजिंठ्याच्या तीसेक लेण्यांपैकी बहुतेक लेणी मुळात राहायची घरं आहेत. मधे मंडप, कडेनं खोल्या. मग साधे प्रश्न विचारायला हवेत. इथं दार कसं लागत होतं? ओल आली तर काय करायचे? झाडायचं कुणी? तुटलं-फुटलं तर खर्च कुणी द्यायचा? इतिहासात या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि ती बरीच तपशीलवार आहेत.

पावसाचा नियम

सुरुवात पावसापासूनच करू. बौद्ध भिक्खू हा मुळात फिरता माणूस. पण पावसाळ्यात तीन महिने एका ठिकाणी राहायचं, आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून, असा नियम झाला. त्याला वर्षावास म्हणतात. आता राहायचं म्हणजे कुठं? विनयपिटकात यावर फार मजेदार यादी आहे. झाडाच्या ढोलीत वर्षावास करायचा नाही. झाडाच्या बेचक्यात करायचा नाही. उघड्यावर नाही, छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणाखाली नाही. नियम झाला याचा अर्थ कुणीतरी हे करून बघितलं होतं! (हशा) थोडक्यात, डोक्यावर नीट छप्पर असलेलं, दार लागणारं घर हवं. आणि राहायला चालणाऱ्या पाच प्रकारच्या जागांमध्ये ‘गुहा’ ही एक जागा मान्य केलेली आहे.

मग घर कसं असावं? स्वतःसाठी कुणी कुटी बांधत असेल तर आतून बारा वीत लांब, सात वीत रुंद, त्याहून मोठी नको. जागा आधी संघाला दाखवायची. आजूबाजूला फिरायला वाव हवा. आजच्या भाषेत सांगायचं तर एफएसआय आणि बांधकाम परवाना, दोन्ही आले.

दाराबद्दल तर इतका तपशील आहे की सुतारानं लिहिलाय असं वाटावं. दाराची चौकट, दाराचा खुंटा ज्यात फिरतो ती खळगी, कडी, कडीचं भोक, ओढायची दोरी. किल्ल्या तीन प्रकारच्या चालतील: धातूची, लाकडाची आणि शिंगाची. त्या खळगीला पाली शब्द आहे ‘उदुक्खलिका’. ऐकलंत? उखळ! लहानसं उखळ. आजही जुन्या वाड्यात बिजागरीशिवायचं दार बघितलंत तर खाली दगडात तशीच उखळी दिसेल.

लेण्यातल्या खुणा

आता हे पुस्तकातलं झालं. दगडात काय दिसतं?

अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात जा. हे जुन्या टप्प्यातलं, सातवाहनकाळातलं लेणं. दर्शनी भाग कोसळलाय, म्हणून पर्यटक तिथं फारसे थांबत नाहीत. आत बारा खोल्या आहेत आणि खोल्यांमध्ये दगडातच कोरलेले दोन-दोन ओटे आहेत, झोपायचे. तिथं एक लहानसा लेख आहे. घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्यानं हे दान दिलं, असं त्यात म्हटलंय. दान कशाचं? खोल्यांसकट निवासाचं. खोलीसाठी जो शब्द आलाय तो आहे ‘उववरक’, संस्कृतात अपवरक. आपल्याकडे देवळाच्या आवारात ‘ओवऱ्या’ असतात ना? तोच शब्द. आणि ‘लेणं’ हा शब्द तर शिलालेखात ‘लेण’ असाच येतो. म्हणजे या घरांची नावंसुद्धा आपण अजून वापरतोय.

पुढे पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, अजिंठ्यात पुन्हा काम सुरू झालं. या टप्प्यातल्या खोल्यांत दगडी ओटे दिसत नाहीत. म्हणजे लाकडी खाटा वापरत असावेत. ही पहिली सुधारणा. ओल धरणाऱ्या दगडावर झोपण्यापेक्षा खाट बरी, हे अनुभवानं कळलं असणार.

दुसरी सुधारणा दारात. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशकं अजिंठ्याला दिली. २०१९ मध्ये ते गेले. ते चित्रांइतकंच दारांच्या भोकांकडे बघायचे. दारं लाकडाची होती, ती कधीच गेली. पण खुंटा फिरायची भोकं दगडात आहेत. स्पिंक यांनी दाखवलं की दार बसवायची पद्धत थोड्याच वर्षांत टप्प्याटप्प्यानं बदलत गेली. शेवटी कारागीर खोलीच्या आतल्या बाजूला, दाराच्या वर आणि खाली, दगडाचा थोडा भाग मुद्दाम पुढे ठेवू लागले आणि त्यात खुंट्याची भोकं करू लागले. दार आतून नीट बसू लागलं. कारागीर चुकतोय, शिकतोय, पुढच्या खोलीत सुधारतोय, हे त्या भोकांतून दिसतं.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट. काही भोकं आतून गुळगुळीत झिजलेली आहेत, काही अगदी कोरी आहेत. झिजलेलं भोक म्हणजे ते दार रोज उघडलं-मिटलं गेलं, तिथं कुणीतरी राहिलं. कोरं भोक म्हणजे खोली तयार झाली, पण वापर झालाच नाही. स्पिंक यांच्या मते वाकाटक राजा हरिषेण याच्या मृत्यूनंतर, सुमारे ४७७ च्या सुमारास, आश्रयदाते पांगले आणि कामं जिथल्या तिथं थांबली. त्यांच्या कालगणनेवर वाद आहेत, ते अभ्यासकांनी घालावेत. पण घर वापरलं गेलं का, हे दाराला विचारावं, ही पद्धत मला फार आवडते.

गिलावा

आता भिंतीकडे वळू. आपल्याकडचा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. वरवर एकसंध वाटतो, पण त्यात भेगा असतात, आणि दोन थरांच्या मधे कुठं कुठं मऊ लालसर पट्टा असतो. डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी या भेगांतून वाट काढत खाली उतरतं. बाहेर ऊन पडलं तरी आत ठिबकत राहतं. आपल्या विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातल्या लेण्यांमध्ये श्रावणात जाऊन बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल. पितळखोऱ्याला तर दगड इतका ठिसूळ आहे की दर्शनी भागाचा मोठा हिस्सा ढासळून गेलाय.

अशा भिंतीवर गिलावा टिकवायचा कसा? विनयपिटकात याचाही प्रसंग आहे. पांढरा रंग भिंतीला धरेना, तर तूस मिसळलेल्या मातीचा थर द्या, अशी परवानगी दिलीय. अजिंठ्याच्या गिलाव्यात नेमकं हेच सापडतं: माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू. आणि वेरूळच्या गिलाव्यात काय सापडलं माहितीये? भांग! (हशा) हसू नका, हे संशोधन आपल्याच शहरातलं आहे. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंह आणि आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भांगेच्या झाडाचे तंतू मातीत मिसळले होते. ओल धरून ठेवण्याचा, कीड दूर ठेवण्याचा गुण त्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. कुडाच्या घराला शेणमातीत काड मिसळून लिंपणारी बाई आणि वेरूळचा कारागीर, दोघांचं शास्त्र एकच.

पैसा कुठून येणार?

आता मुख्य मुद्दा. घर बांधणाऱ्याचं नाव होतं. पाटी लागते. डागडुजी करणाऱ्याची पाटी कुणी बघितलीय? मग पैसा कुठून आणायचा?

याचं सगळ्यात चोख उत्तर नाशिकच्या लेण्यांत आहे, पांडवलेणी म्हणतो आपण ती. १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्यानं लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची ठेव दिली. ठेव कुणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

हिशेब करून बघा. २००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा किती? २४०. पैसाही इकडचा तिकडे नाही. आणि हे सगळं निगमसभेत ऐकवून, नोंदवून ठेवलं, असंही लिहिलंय.

शेजारच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीच्या लेण्यात, पुळुमावीच्या २२ व्या राज्यवर्षाचा लेख आहे. लेण्याच्या देखभालीसाठी आधी सुदसन नावाचं गाव लावून दिलं होतं. ते बदलून त्याऐवजी सामलिपद हे गाव दिलं, असा तो आदेश. लक्षात घ्या, राजाच्या आजीनं दिलेलं भव्य लेणं, पण तेवढ्यानं भागलं नाही. वर्षानुवर्षं चालणारं उत्पन्न वेगळं लावून द्यावं लागलं. कान्हेरीला तर थेट नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, दुरुस्तीसाठी, वस्त्रांसाठी, अगदी ग्रंथांसाठीसुद्धा द्रम्म दिल्याचे लेख आहेत.

आणि इकडे अजिंठ्याला काय? १६ क्रमांकाच्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा मोठा लेख आहे. लेण्याला खिडक्या आहेत, दारं आहेत, चित्रं आहेत, पाण्याचं टाकं आहे, नागराजाचं स्थान आहे, असं कौतुक त्यात आहे. २६ क्रमांकात बुद्धभद्र भिक्खू म्हणतो, की डोंगरात चंद्रसूर्य असेतो टिकणारं स्मारक करावं. भाषा फार सुंदर. पण नाशिकसारखा ठेवीचा हिशेब या लेखांत नाही. एकीकडे २४० कार्षापणांचा हिशेब, दुसरीकडे चंद्रसूर्य. मला दोन्ही आवडतात, पण गळती लागली की २४० कार्षापण कामाला येतात.

कंत्राटदार तेव्हाही होते

काम कुणी करायचं, याची गोष्ट सांगतो. वैशालीत एक गरीब शिंपी होता. त्यानं स्वतःच्या हातानं भिक्खूंसाठी विहार बांधायला घेतला. अनुभव नाही, विटा वाकड्या रचल्या, भिंत पडली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. तो चिडला. म्हणाला, जे मोठं दान देतात त्यांच्या बांधकामावर भिक्खू देखरेख करतात, मी गरीब, मला कुणी सांगायलाही येत नाही. ही तक्रार बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला: बांधकामावर एक भिक्खू नेमायचा. त्याच्या कामाला ‘नवकम्म’ म्हणत. विहार लवकर कसा पुरा होईल आणि तुटकं-फुटकं कसं दुरुस्त होईल, हे त्यानं बघायचं. एका गरीब शिंप्याच्या तक्रारीतून देखभालीचं पद निर्माण झालं, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पण लगेच पुढचा प्रसंग आहे. हे पद मिळालं की त्या जागेवर हक्क यायचा. मग काय, चार ढेकळं रचली, नवकम्म! भिंतीला जरा माती फासली, नवकम्म! दार बसवलं, नवकम्म! आणि मुदत किती, तर वीस वर्षं, तीस वर्षं, जन्मभर! (हशा) मग पुन्हा नियम: असल्या किरकोळ कामासाठी पद द्यायचं नाही. लहान विहाराला पाच-सहा वर्षं, मोठ्याला दहा-बारा वर्षं, बस. अडीच हजार वर्षांत या देशात काही गोष्टी बदलल्या नाहीत, एवढंच म्हणतो.

सुधारणा नडते तेव्हा

शेवटचा मुद्दा. लेणी सोडून गेली, ठेवी बुडाल्या, दारं कुजली. वटवाघळं आली, पाणी आत आलं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं अजिंठा ‘शोधला’ म्हणतात, आणि शोधल्याबरोबर १० क्रमांकाच्या लेण्यात खांबावर स्वतःचं नाव कोरलं. पाटी लावायची हौस तिथंही होतीच. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करत अजिंठ्यात राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आले. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्या काळात वॉर्निश लावलं गेलं. हेतू चांगला, पण वॉर्निश पिवळं पडलं, काळवंडलं, त्यात धूळ अडकली. १९१४ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख. १९२० च्या सुमारास त्यांनी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून सुटलेला गिलावा बसवून घेतला. वॉर्निश आणि लाख काढण्याचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षं करत बसावं लागलं.

जुन्या घरात ‘सुधारणा’ करताना हे ध्यानात ठेवावं. घराला श्वास घेऊ द्या. माळवदावर सिमेंट ओतून कायमची कटकट मिटवू बघणाऱ्यांची घरं आतून कशी कुजली, हे आपण गावोगाव बघितलंय. डागडुजी ही एकदाच करून संपणारी गोष्ट नसते.

तर पुढच्या वेळी लेण्यात जाल तेव्हा चित्रं बघाच. पण एका खोलीच्या दाराशी जरा वाका आणि खालच्या उखळीत बोट घालून न बघता नुसती नजर टाका. गुळगुळीत असेल तर समजा, इथं कुणीतरी रोज दार लावून झोपत होतं आणि कुणीतरी त्या दाराची काळजी घेत होतं. त्याचं नाव कुठल्या शिलालेखात नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, एवढी गळती, एवढा खर्च, तर मग डोंगरात राहायचंच कशाला? साधी कुटी काय वाईट होती?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे, कुंभाराचा मुलगा. त्यानं गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की लाकूडफाटा नेणारे लोक ती मोडून गवत घेऊन जायचे. असं तीनदा झालं. मग त्यानं मातीची कुटी करून ती भाजून काढली, लालबुंद. बुद्धानं ती मोडायला लावली, कारण भाजताना जीव मेले. मग त्यानं राजाचं लाकूड उचललं आणि मोठंच प्रकरण झालं. डोंगराचं घर कुणी उचलून नेत नाही, त्याला आग लागत नाही, वाळवी लागत नाही. शिवाय ही लेणी आडरानात वाटली तरी घाटवाटांवर आहेत. पितळखोऱ्याच्या लेखात पैठणच्या गंधिक मित्रदेवाच्या घराण्याचं दान आहे, मागिल या राजवैद्याचं दान आहे. म्हणजे पैठणचा माणूस तिथवर पोचत होता, आणि जिथं माणूस पोचतो तिथं देखभाल पोचते. उलटं सांगायचं तर, वाट मोडली की घर गळायला लागतं. एवढंच उत्तर आहे.